पॉली स्ट्रिंग : कोणी घ्यावी, कोणती घ्यावी, कधी कापावी

या वेळचे सगळे प्रश्न टेनिस रॅकेटच्या पॉलिएस्टर स्ट्रिंगचे आहेत. कोर्टवर तिला सगळे नुसतं ‘पॉली’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. टेन्शनचे, म्हणजे स्ट्रिंग किती ताणून बसवायची त्याचे, आकडे पाउंडात दिले आहेत. तुमचं गटिंग (रॅकेटला स्ट्रिंग बसवणं) किलोत होत असेल तर १ किलो म्हणजे २.२ पाउंड धरा. ५० पाउंड म्हणजे साधारण २२.७ किलो.

प्रश्न : आठवड्यातून तीनदा खेळतो. मल्टिफिलामेंट (बारीक नायलॉन धाग्यांची) स्ट्रिंग तीन-चार आठवड्यांत तुटते. आता पॉलीच घाल, असं सगळे सांगतात. पण दुकानात वीसेक प्रकार टांगलेले असतात. सुरुवात कुठून करू?

दुकानात जाण्याआधी तुटलेली स्ट्रिंग नीट बघा. रॅकेटच्या मध्यभागी उभ्या स्ट्रिंगला खाच पडत पडत ती तुटली असेल, तर ती तुमच्या टॉपस्पिनच्या (बॉल खालून वर घासत दिलेल्या फिरकीच्या) घर्षणाने तुटली आहे. अशा खेळाडूला पॉलीचा खरा उपयोग होतो. पण फ्रेमपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, खाच न पडता, कापल्यासारखी तुटत असेल तर कारण वेगळं आहे. एकतर बॉल कडेला लागतोय किंवा ग्रोमेट (फ्रेमच्या भोकातलं प्लास्टिकचं अस्तर) झिजून स्ट्रिंग थेट फ्रेमच्या भोकाच्या कडेवर घासतेय. तिथे पॉली घालून फायदा नाही. ग्रोमेटची पट्टी बदला.

दुसरी तपासणी स्विंगची. पॉली कडक असते आणि गुळगुळीत असते. बॉल खालून वर घासत मारला की उभ्या स्ट्रिंग आडव्यांवरून काही मिलिमीटर बाजूला सरकतात आणि बॉल सुटायच्या आत झटक्याने जागेवर येतात. त्या परत येण्यात बॉलला जास्तीची फिरकी मिळते. याला स्नॅपबॅक म्हणतात. नायलॉनच्या स्ट्रिंग सरकतात आणि तिथेच अडकून बसतात, म्हणून दोन पॉइंटच्या मध्ये त्या बोटांनी सरळ कराव्या लागतात. पण पॉलीला सरकवायला रॅकेट वेगात यावी लागते. ज्यांचा स्विंग अर्धा आहे, जे बॉल ब्लॉक करून परत पाठवतात, त्यांच्या हातात पॉली सरकतच नाही. फिरकी मिळत नाही, बॉल सर्व्हिस लाइनच्या आसपास पडतो आणि कडकपणा तेवढा कोपराला सोसावा लागतो.

या दोन्ही तपासण्यांत तुम्ही बसत असाल तर निवड या क्रमाने करा : आधी कडकपणा, मग आकार, मग जाडी, आणि टेन्शन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. आधी कुठल्या तरी नामांकित खेळाडूची स्ट्रिंग घेतात आणि मग टेन्शन वर-खाली करत ती आपल्या हातात बसवायला बघतात.

कडकपणाचा अंदाज यावा म्हणून ढोबळ आकडे देतो. पाउंड प्रति इंच या मापात नॅचरल गट (जनावराच्या आतड्यापासून केलेली स्ट्रिंग) १०० च्या आसपास असते, मल्टिफिलामेंट साधारण १५० ते २००, आणि पॉली २०० च्या आगेमागे सुरू होऊन ३०० च्या दिशेने जाते. म्हणजे पॉलीतली सगळ्यात मऊ आणि सगळ्यात कडक यांच्यातलं अंतर मोठं आहे, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याने खालच्या टोकालाच राहावं. गोल आणि मऊ जातीची, १.२५ मिमी जाडीची स्ट्रिंग घ्या; योनेक्सची पॉली टूर प्रो किंवा हेडची लिंक्स ही त्यातली चांगली उदाहरणं. मल्टीत जे टेन्शन होतं त्यापेक्षा ४ ते ५ पाउंड कमी ठेवा. आणि रीळ घेऊ नका. २०० मीटरच्या रिळात सोळा-एक रॅकेट निघतात, स्वस्त पडतं हे खरं. पण न पटलेल्या स्ट्रिंगचं रीळ घरात असलं की ती संपवण्यापायी माणूस वर्षभर चुकीच्या स्ट्रिंगने खेळतो. १२ मीटरचे सुटे सेट घ्या, तीन वेगवेगळे वापरून बघा, मग रिळाचं ठरवा.

प्रश्न : मी बेसलाइनवरून खेळते, सेमी-वेस्टर्न ग्रिप, फोरहँडला भरपूर टॉपस्पिन. सध्या साधी गोल पॉली आहे. बॅबोलाट आरपीएम ब्लास्ट, सोलिंको हायपर-जी, सोलिंको टूर बाइट आणि लक्सिलॉन अ‍ॅलू पॉवर या चारांत अडकले आहे. माझ्या खेळाला कोणती?

चारही चांगल्या आहेत, पण एकमेकींच्या जागी चालतील अशा नाहीत.

अ‍ॅलू पॉवर गोल आहे, तिला कडा नाहीत. तिची फिरकी निव्वळ स्नॅपबॅकमधून येते. बॉल रॅकेटवरून चटकन आणि स्पष्ट सुटतो, हाताला नेमकं कळतं की बॉल कुठे लागला. तिचा दोष असा की हा ताजेपणा लवकर उतरतो. लवकर बदलणं जमत असेल तरच ती घ्यावी. आरपीएम ब्लास्टला आठ कडा आहेत, पण त्या बोथट आहेत. पृष्ठभाग निसरडा आहे, त्यामुळे कडा असूनही ती सहज सरकते. हायपर-जी चौकोनी घडणीची, बॉलला जास्त पकडणारी. टूर बाइटही चौकोनीच, पण कडा सगळ्यात धारदार आणि स्पर्श सगळ्यात कडक.

तुमच्या वर्णनावरून आमचं मत हायपर-जी किंवा आरपीएम ब्लास्ट, दोन्ही १.२५ मध्ये. हातात ताकद जास्त असेल आणि बॉल वारंवार बेसलाइनच्या बाहेर जात असेल तरच टूर बाइटकडे जा. कोपर किंवा मनगट कधी दुखलं असेल तर तिच्याकडे वळूच नका; हायपर-जीचीच ‘सॉफ्ट’ आवृत्ती मिळते, ती बघा.

कडांबद्दल दोन गोष्टी पाकिटावर लिहिलेल्या नसतात. पहिली, कडा झिजतात. स्ट्रिंग एकमेकींवर घासतात तिथली धार काही तासांच्या खेळातच बोथट होते आणि मग चौकोनी स्ट्रिंग गोल स्ट्रिंगसारखीच वागायला लागते. फिरकीतला मोठा वाटा शेवटी सरकण्याचाच असतो. दुसरी, उभ्या आणि आडव्या दोन्हीकडे धारदार स्ट्रिंग घातली तर कडांत कडा अडकतात आणि सरकणं कमी होतं. उभ्या हायपर-जी आणि आडव्या एखादी गोल, गुळगुळीत पॉली असं करून बघा. आडव्या २ पाउंड सैल ठेवा. स्ट्रिंगबेड (स्ट्रिंगची विणलेली जाळी) थोडा मऊ लागतो आणि फिरकी बहुधा वाढलेलीच जाणवते. आमच्या मते पॉलीत करता येण्याजोगा सगळ्यात फायद्याचा बदल हाच आहे, आणि तो फार कमी जण करून बघतात.

प्रश्न : माझे फटके सपाट, नेटवरून हातभर उंचीने जाणारे. मल्टी ५६ पाउंडावर होती. तेवढ्याच टेन्शनवर पॉली घातली, तर बॉल एकदम आखूड पडायला लागला आणि रॅकेट लाकडी फळीसारखी लागते. पॉली माझ्यासाठी नाहीच का?

५६ पाउंड हे पॉलीसाठी फार आहे. आधीच कडक असलेली स्ट्रिंग एवढी ताणल्यावर ती बॉलच्या धक्क्याने लवत नाही, बॉल रॅकेटवर क्षणभरही रेंगाळत नाही आणि खालच्या कोनात सुटतो. सपाट मारणाऱ्याचा बॉल आधीच खालून जातो, त्यामुळे तुम्हाला ते दुप्पट जाणवतंय.

५० पाउंडावर या. तिथून पुढे एका वेळी २ पाउंडच हलवा. एका पाउंडाचा फरक बहुतेकांना कळत नाही आणि ५ पाउंड एकदम बदलले तर नेमकं काय बदललं ते समजत नाही. बॉल अजून आखूड पडत असेल तर ४८, बाहेर जाऊ लागला तर ५२. बॉल उंच सुटून बाहेर जातोय की नुसता जोरात बाहेर जातोय, याकडेही लक्ष द्या. उंच सुटत असेल तर टेन्शन वाढवून उपाय होतो. जोरात जात असेल तर स्ट्रिंग जास्त कडक जातीची हवी, जास्त ताणलेली नव्हे. ५५ पाउंडाच्या वर पॉली ताणायचं कारण हौशी खेळाडूला सहसा नसतं.

सपाट फटक्यांना धारदार कडांची पॉली लागत नाही. गोल घ्या. लक्सिलॉनची फोर-जी टेन्शन चांगलं धरून ठेवते म्हणून सपाट मारणाऱ्यांना आवडते, पण ती कडक आहे, म्हणून ४८-५० च्या वर नको. रॅकेट १८×२० विणीची (१८ उभ्या, २० आडव्या) असेल तर आणखी २ पाउंड कमी चालतात, कारण दाट विणीत स्ट्रिंगबेड मुळातच कडक असतो. १६×१९ मध्ये वर दिलेले आकडे धरा.

टेन्शनचा आकडा सांगताना मशीन कोणतं हेही विचारत जा. हाताने फिरवायच्या क्रँक मशीनमध्ये ठरलेल्या ताणाला पोचलं की ओढ लॉक होते आणि स्ट्रिंग तिथेच थोडी सैलावते. इलेक्ट्रॉनिक आणि ड्रॉप-वेट (दांड्यावरच्या वजनाने ओढणारं) मशीन क्लॅम्प, म्हणजे स्ट्रिंग धरून ठेवणारा चिमटा, लावेपर्यंत ओढत राहतं. त्यामुळे क्रँकवरचे ५२ आणि इलेक्ट्रॉनिकवरचे ५२ हातात सारखे लागत नाहीत. क्रँकवरचं गटिंग काही पाउंडांनी मऊ निघतं. शक्यतो एकाच माणसाकडून एकाच मशीनवर करून घ्या. उन्हाळ्यात स्ट्रिंगबेड मऊ होतो आणि बॉल उडतो, तेव्हा १-२ पाउंड वाढवा. थंडीत तेवढेच कमी करा.

प्रश्न : कोपराच्या बाहेरच्या बाजूला दोन महिन्यांपासून दुखतंय. रॅकेट हलकी आणि कडक फ्रेमची, आरपीएम ब्लास्ट ५४ पाउंड. ‘सॉफ्ट’ लिहिलेली पॉली घेतली तर चालेल का?

नाही. आज पॉली कापून टाका, दुखणं पूर्ण थांबेपर्यंत पुन्हा घालू नका. पाकिटावरचा ‘सॉफ्ट’ हा शब्द इतर पॉलींच्या तुलनेत असतो. ती सॉफ्ट पॉलीसुद्धा चांगल्या मल्टिफिलामेंटपेक्षा कडकच असते. १.३० ची मल्टिफिलामेंट ५० ते ५२ पाउंडावर घाला. नॅचरल गट परवडत असेल तर त्याहून चांगलं.

व्हायब्रेशन डॅम्पनर लावून सोडवणूक होणार नाही. तो आवाज बदलतो, स्ट्रिंगची थरथर लवकर थांबवतो. बॉल लागताना हातात येणारा मुख्य झटका तसाच राहतो. फ्रेम मात्र नक्की बघा. फ्रेमचा कडकपणा आरए या आकड्यात सांगतात. ७० च्या आसपासची फ्रेम कडक, ६२-६३ ची बरीच मवाळ. कडक, हलकी फ्रेम आणि पॉली हे कोपरासाठी सगळ्यात वाईट एकत्र येणं आहे, कारण हलकी रॅकेट बॉलच्या धक्क्याला मागे ढकलली जाते आणि तो धक्का हाताला पेलावा लागतो. मूठ वळून कप उचलताना, दाराची मूठ फिरवताना दुखत असेल तर खेळ थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा. स्ट्रिंग बदलल्याने कारण दूर होईल, पण झालेली इजा आपोआप भरेलच असं नाही.

दुखणं गेल्यावर पॉलीचा मोह असेल तर हायब्रिडने परत या. हायब्रिड दोन प्रकारे होतं आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. स्ट्रिंगबेडचा स्वभाव मुख्यतः उभ्या स्ट्रिंग ठरवतात. उभ्या पॉली आणि आडव्या मल्टी किंवा सिंथेटिक गट (साधी नायलॉनची स्ट्रिंग) असेल तर खेळ पॉलीसारखा, थोडा मवाळ; पॉली २-३ पाउंड सैल ठेवायची. उभ्या नॅचरल गट किंवा मल्टी आणि आडव्या पॉली असेल तर हात मऊ लागतो, जोर मिळतो आणि आडव्या पॉलीच्या गुळगुळीतपणामुळे उभ्या सरकतातही. तुमच्यासाठी हा दुसरा प्रकार. यात आडवी पॉली गोलच हवी. कडांची घातली तर ती उभ्या मऊ स्ट्रिंगचे धागे काही दिवसांत कापते. आडव्या ३-४ पाउंड सैल : उदाहरणार्थ उभ्या ५२, आडव्या ४८.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची आहे, स्पर्धा खेळते. तिच्या गटातल्या मुली पॉली वापरतात. तिलाही घालावी का?

घालू नका. त्या वयात पॉली सरकवण्याएवढा वेग रॅकेटला नसतो आणि हाडं-स्नायू अजून वाढत असतात. १.३० ची सिंथेटिक गट किंवा मल्टिफिलामेंट, फ्रेमवर छापलेल्या टेन्शनच्या पट्ट्यात खालच्या बाजूला. ती स्ट्रिंग मध्यभागी खाच पडून दर दोन-तीन आठवड्यांनी तुटायला लागली की हायब्रिडचा विचार करा. हे साधारण १४-१५ व्या वर्षाच्या आसपास होतं, काहींचं त्याहून उशिरा. इतर मुली काय वापरतात यावर हे ठरवू नका.

प्रश्न : पॉली किती दिवस चालते? माझी चार महिने झाले तरी तुटलेली नाही. तुटेपर्यंत वापरली तर काय बिघडतं?

बऱ्याच हौशी खेळाडूंची अडचण इथेच असते. पॉली तुटायच्या बरीच आधी मरते. तुमची बहुधा पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच मेली आणि तेव्हापासून तुम्ही मेलेल्या स्ट्रिंगने खेळताय.

दोन गोष्टी घडतात. मशीनवरून उतरल्यापासून पॉली सैलावू लागते. पहिल्या दिवसातच सुमारे दहा टक्के टेन्शन जाऊ शकतं, एकदाही न खेळता. नॅचरल गट ताणली की परत मूळ लांबीला येते. पॉली प्रत्येक फटक्याला थोडीशी ताणलेलीच राहते. दुसरं, उभ्या-आडव्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे खाचा पडतात, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि उभ्या सरकल्या तरी परत येत नाहीत. म्हणजे ज्या फिरकीसाठी पॉली घेतली तीच निघून जाते. मग बॉल आधी जिथे कोर्टात खाली वळायचा तिथे बाहेर जातो. खेळाडू नकळत हात आखडतो किंवा फिरकीसाठी जास्त जोर लावतो, आणि कोपर दुखायला लागतं.

तास मोजा, महिने नको. पूर्ण स्विंगने मारणाऱ्याला १० ते १५ तास. जोरात मारणाऱ्या तरुणाला त्याहून बरेच कमी, मवाळ खेळणाऱ्याला फार तर २०. गटिंगची तारीख आणि टेन्शन छोट्या चिकटपट्टीवर लिहून ती रॅकेटच्या गळ्याच्या आतल्या बाजूला लावा.

हाताने तपासायचं असेल तर असं करा. रॅकेट आडवी धरा, मधली एक उभी स्ट्रिंग दोन आडव्यांच्या मध्ये बोटाने पकडून अर्धा सेंटिमीटर बाजूला ओढा आणि सोडा. ताजी पॉली टक् आवाज करून जागेवर जाते. संपत आलेली अर्ध्यावर थांबते. मेलेली ओढतानाच करकरते आणि सोडल्यावर तिथेच राहते. मग तिच्यावरून नख फिरवा, खाच नखाला लागते का बघा. खेळतानाची खूण याहून सोपी : पॉली असूनही स्ट्रिंग बोटांनी सरळ कराव्या लागल्या की ती कापायची वेळ झाली.

आकडा हवा असेल तर फोनवरची, टिचकीच्या आवाजाची कंपनसंख्या मोजणारी अ‍ॅप वापरा. डॅम्पनर काढून स्ट्रिंगबेडवर पेनाने टिचकी मारा, गटिंगच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा आणि दर दोन-तीन खेळांनंतर पुन्हा मोजा. इथे एक हिशोब लक्षात ठेवा : स्ट्रिंगबेडचा घट्टपणा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ५६० हर्ट्झवरून ५३० वर आलात तर आकडा पाच टक्क्यांनी घटलेला दिसतो, पण घट्टपणा दहा टक्क्यांहून थोडा जास्त गेलेला असतो. आम्ही ५६० च्या ५३० ला सावध होतो आणि ५२० ला कापतो. मात्र अ‍ॅप खाचा मोजत नाही, म्हणून बोटाची तपासणी सोडू नका.

दर १५ तासांनी स्ट्रिंग बदलणं खर्चात बसत नसेल, तर पॉली सोडून १.३० ची सिंथेटिक गट घाला. ताजी सिंथेटिक गट मेलेल्या पॉलीपेक्षा प्रत्येक बाबतीत सरस आहे : फिरकी, ताबा, हात, सगळ्यात.

प्रश्न : घरी ड्रॉप-वेट मशीनवर स्वतः गटिंग करतो. सिंथेटिक गट नीट जमते. पॉलीत मात्र मोड पडतात, क्लॅम्पमधून स्ट्रिंग सरकते आणि दोनदा गाठीजवळ तुटली.

तिन्ही अडचणी पॉलीच्या कडकपणातून येतात आणि तिन्ही सुटतात.

मोड पाकीट उघडतानाच पडतो. वेटोळं ओढून सोडवू नका. स्ट्रिंग ज्या दिशेने गुंडाळली आहे त्याच्या उलट एकेक फेरा उलगडा. मग ती एखाद्या खांबाला वळसा घालून दोन्ही टोकं हातात धरा आणि अर्धा मिनिट हलकेच ताणा. गुंडाळीची सवय बरीच जाते. ९८-१०० चौरस इंचाच्या रॅकेटला १२ मीटरपैकी साधारण ६.५ मीटर उभ्यांना आणि ५.५ आडव्यांना असे दोन तुकडे करा. दोन तुकड्यांचं गटिंग पॉलीत जास्त सोयीचं, आणि त्यात आडव्या डोक्याकडून गळ्याकडे नेता येतात. फ्रेमला तेच बरं. एकदा पक्का मोड पडला की तिथे स्ट्रिंग कमजोर झाली. तो भाग रॅकेटच्या मध्यभागी येणार असेल तर तुकडा टाकून द्या.

उभ्या ओढताना एका बाजूला दोन-तीनपेक्षा जास्त पुढे जाऊ नका. ड्रॉप-वेटचा दांडा हळू सोडा. दणकन पडला तर क्षणभर ठरवल्यापेक्षा जास्त ताण बसतो. दांडा आडवा झाल्यावर पॉली आणखी थोडी ताणत राहते आणि दांडा हळूहळू खाली झुकतो. तो पुन्हा आडवा करून घ्या, आठ-दहा सेकंद थांबा, मग क्लॅम्प लावा. प्रत्येक स्ट्रिंगला तेवढाच वेळ द्या. कुठे तीन सेकंद, कुठे पंधरा असं झालं तर स्ट्रिंगबेड असमान होतो.

क्लॅम्प सरकण्याचं कारण बहुधा मळ असतं. स्ट्रिंगवरचा निसरडा लेप क्लॅम्पच्या दातांत बसतो. सर्जिकल स्पिरिटने जुन्या टूथब्रशने दात घासा, पूर्ण वाळू द्या, मग क्लॅम्प चतुर्थांश फेरा आवळा. तपासायला क्लॅम्पच्या कडेला स्ट्रिंगवर मार्करची खूण करा आणि ताण सोडा. खूण हलली तर आणखी चतुर्थांश. एकदम पूर्ण आवळू नका. कडांची पॉली चेपते, आणि चेपलेल्या ठिकाणीच पुढे तुटते.

आडव्या विणताना एक पुढे राहा : चालू आडवीला ताण देण्याआधी पुढची विणून ठेवा. विणायला सोपं जातं आणि स्ट्रिंग कमी घासते. प्रत्येक आडवी ताण दिल्यावर लगेच बोटांनी सरळ करा. शेवटी करायला गेलात तर पॉली हलत नाही.

गाठ मशीनने ओढून कधीही घट्ट करू नका, तुमची स्ट्रिंग तिथेच तुटत असणार. पार्नेल गाठ घाला, हाताने ओढा, शेवटचा आवळा पक्कडीने द्या. पक्कड स्ट्रिंगच्या फक्त त्या टोकाला लावा जे नंतर कापायचं आहे. पक्कडीचा ओरखडा गाठीच्या आतल्या भागावर पडला की काही दिवसांनी ती तिथेच जाते. शेपूट ५-६ मिलिमीटर ठेवून तिरपं कापा. गाठीसाठी उत्पादकाने मोठी ठेवलेली भोकंच वापरा.

प्रश्न : व्यावसायिक खेळाडूंचं सेटिंग तसंच्या तसं घेतलं तर?

१९९७ मध्ये गुस्तावो कुएर्तेन लक्सिलॉनच्या पॉलीने फ्रेंच ओपन जिंकला आणि पुढच्या काही वर्षांत व्यावसायिक टेनिसचा चेहरामोहरा बदलला. तेव्हापासून हा प्रश्न सगळे विचारतात. नदालची आरपीएम ब्लास्ट १.३५ मिमी होती. ती जाडी त्याच्या फटक्यापुढे टिकावी म्हणून होती, तुमच्या-आमच्या हातात ती निर्जीव लागेल. फेडररने आणि जोकोविचने उभ्या नॅचरल गट आणि आडव्या लक्सिलॉन पॉली असं हायब्रिड वापरलं. ते तुलनेने हौशी हाताला झेपणारं आहे, फक्त महाग पडतं.

एक मुद्दा मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. व्यावसायिक सामन्यात पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर बॉल बदलतात, आणि अनेक खेळाडू त्याच वेळी ताजं गटिंग केलेली रॅकेट घेतात. त्यांची पॉली मरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे त्यांचं टेन्शन आणि त्यांची कडक स्ट्रिंग हे तासाभराच्या आयुष्यासाठी ठरवलेलं असतं, तीन आठवड्यांसाठी नव्हे.

प्रश्न : १.२५ घेऊ की १.२०? आणि दोन रॅकेट असतील तर गटिंग एकदम करावं का?

पॉली तुटत नसेल तर १.२०, बॉल जास्त पकडते आणि हाताला थोडी हलकी लागते. पंधरा तासांच्या आत तुटत असेल तर १.२५, त्यातही तुटली तर १.३०. तुटायच्या आधी कापायचीच असेल तर जाड स्ट्रिंगचा टिकाऊपणा फुकट जातो, हे लक्षात घ्या.

दोन्ही रॅकेटचं गटिंग एकदम केलंत तर दोन्ही आळीपाळीने वापरा. दुसरी नुसती पिशवीत ठेवली तरी तिचं टेन्शन उतरतच असतं, आणि पहिली तुटल्यावर हातात येणारी ‘नवी’ रॅकेट दीड महिन्याची शिळी असते. रॅकेट उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. जुनी स्ट्रिंग काढताना कात्री मध्यभागी लावा आणि तिथून कडेकडे, एक उभी एक आडवी अशा क्रमाने कापत जा, म्हणजे फ्रेमवरचा ताण सगळीकडून सारखा सुटतो. सामन्यात एखादी स्ट्रिंग तुटली तर बाकीच्याही त्याच दिवशी कापून टाका. एका बाजूचा ताण तसाच राहिला तर फ्रेम वाकू शकते.